‘हॅव’ कसं वापरायचं: ज्याला मराठीत एक शब्दच नाही, त्या इंग्रजी क्रियापदाचा सराव

माझ्या संध्याकाळच्या वर्गाला येणारी एक मुलगी नाशिकच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम बघते. मध्यंतरी तिथे परदेशातून पाहुणे आले होते. सहा वाजले तशी तिची मैत्रीण घाईने पर्स उचलून निघाली. ती एवढी घाईत का, हे सांगायला ही म्हणाली, ‘शी इज हॅविंग अ बेबी.’ हिला म्हणायचं होतं, तिला लहान बाळ आहे. पाहुण्यांनी ऐकलं ते असं, की तिला बाळ होणार आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मैत्रिणीचं सगळ्यांसमोर अभिनंदन केलं. हे सांगताना माझी विद्यार्थिनी रडवेली झाली होती.

तिची चूक कुठे झाली ते मला लगेच कळलं, कारण वर्षानुवर्षं मी तीच चूक तपासते आहे. ‘तिला बाळ आहे’ या वाक्यातल्या ‘आहे’ला तिने ‘इज’ लावलं, ‘तिला’ साठी ‘हॅव’ आणलं आणि दोन्ही जोडले. मराठीत ‘हॅव’ला क्रियापदच नाही. आपण ‘असणे’ने काम भागवतो, आणि कुणाचं काय आहे ते ला, कडे, चा-ची-चे, त, पाशी यांच्यावर सोपवतो. त्यामुळे ‘हॅव म्हणजे जवळ असणे’ असं पाठ करून फार पुढे जाता येत नाही. उलट्या बाजूने जायला हवं. आधी आपलं मराठी वाक्य नीट बघायचं, त्यातला प्रत्यय आणि क्रियापदाचा शेवट ओळखायचा, मग इंग्रजीकडे वळायचं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. जवळ वही घेऊन बसलात तर बरं.

मेहनत वाया जाणार नाही. ऑक्सफर्डच्या शब्दसंग्रहावरून केलेल्या इंग्रजीतल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या यादीत ‘हॅव’ नवव्या क्रमांकावर आहे. क्रियापदांत त्याच्या पुढे फक्त ‘बी’, म्हणजे आपलं ॲम-इज-आर.

सुरुवातीची तयारी: चार रूपं

हॅव, हॅज, हॅड, हॅविंग. आय, यू, वी, दे यांच्यामागे हॅव, आणि ही, शी, इट यांच्यामागे हॅज. भूतकाळात सगळ्यांना हॅड. एवढं बहुतेकांना येतं. निसटतं ते हे: डू, डझ, डिड, विल, कॅन, मस्ट यांच्यानंतर कर्ता कुणीही असो, रूप ‘हॅव’च राहतं. ‘डझ शी हॅव अ फोन?’ बरोबर, ‘डझ शी हॅज’ चूक. ‘ही मस्ट हॅव’ बरोबर, ‘ही मस्ट हॅज’ चूक.

पायरी पहिली: प्रत्यय शोधा

ही सहा वाक्यं वहीत लिहा आणि प्रत्येकात माणसाच्या किंवा वस्तूच्या नावाला काय लागलंय त्याखाली रेघ ओढा.

मला दोन बहिणी आहेत.
माझ्याकडे स्कूटर आहे.
माझ्यापाशी सुटे पैसे आहेत.
माझी उद्या परीक्षा आहे.
तिच्यात धमक आहे.
घराला दोन दारं आहेत.

मराठीत ही सहा वाक्यं वेगवेगळी नाती सांगतात. इंग्रजीत सहाही ठिकाणी एकच शब्द: आय हॅव टू सिस्टर्स. आय हॅव अ स्कूटर. आय हॅव सम चेंज. आय हॅव ॲन एक्झाम टुमॉरो. शी हॅज करेज. द हाउस हॅज टू डोअर्स.

आपली भाषा इथे किती बारीक आहे ते पाहा. ‘मला दोन बहिणी आहेत’ हे नातं झालं. ‘माझ्याकडे दोन बहिणी आहेत’ म्हटलं की ऐकणारा समजतो, बहिणी राहायला आल्यात. इंग्रजी ‘हॅव’ला हा फरक दाखवता येत नाही. दुसरा अर्थ हवा असेल तर ‘माय सिस्टर्स आर स्टेइंग विथ मी’ असं सरळ सांगावं लागतं. तसंच ‘माझ्याकडे पैसे आहेत’ आणि ‘आत्ता माझ्याजवळ पैसे आहेत’ यातला फरक दाखवायला इंग्रजीत शेवटी दोन शब्द जोडतात: ‘आय हॅव सम मनी ऑन मी.’

या पायरीवर अडखळायच्या दोन जागा आहेत.

पहिली जागा हॅव की हॅज ही. ‘तिला दोन मुलं आहेत’ या वाक्यात ‘आहेत’ हे ‘मुलं’ या शब्दाप्रमाणे चालतं, म्हणून मुलं अनेक दिसली की हात आपोआप ‘हॅव’ लिहितो. इंग्रजीत मात्र ‘ती’ कर्ता होते आणि क्रियापद तिच्यामागे जातं: शी हॅज टू चिल्ड्रन. वस्तू किती आहेत ते विसरा, ज्याची आहे तो एक की अनेक एवढंच बघा. याच कारणाने ‘तिचे केस लांब आहेत’ हे वाक्यही ‘शी हॅज लाँग हेअर’ असं होतं.

दुसरी जागा ‘मला’ची. प्रत्येक ‘मला’ म्हणजे ‘हॅव’ नव्हे. मला ताप आहे, मला सर्दी झाली आहे, माझं डोकं दुखतंय: इथे आय हॅव अ फीव्हर, आय हॅव अ कोल्ड, आय हॅव अ हेडेक. पण मला भूक लागली, तहान लागली, थंडी वाजते, भीती वाटते, राग आला: इथे आय ॲम हंग्री, थर्स्टी, कोल्ड, स्केअर्ड, अँग्री. दुखण्याचं नाव घेतलं की हॅव. भूक, थंडी, राग अशी अवस्था सांगितली की ॲम. ‘आय हॅव कोल्ड’ आणि ‘आय ॲम कोल्ड’ यांची सरमिसळ डॉक्टरांसमोर झाली तर सर्दीच्या औषधाऐवजी पांघरूण मिळेल, म्हणून ही जोडी पाठच करा. सर्दीसाठी मधला ‘अ’ विसरू नका: आय हॅव अ कोल्ड.

पायरी दुसरी: ‘आहे’ की ‘चाललंय’?

‘हॅविंग’ कधी वापरायचं, या प्रश्नाचं उत्तर मराठी वाक्याच्या शेवटात असतं. शेवटी नुसतं ‘आहे’ असेल, तर ‘हॅविंग’ नको. घेतोय, होतंय, येतेय, चाललंय असं काही घडत असेल, तर चालेल.

माझ्याकडे गाडी आहे: आय हॅव अ कार.
मला डायबेटिस आहे: आय हॅव डायबेटिस.
आम्ही जेवतोय: वी आर हॅविंग लंच.
मला श्वास घ्यायला त्रास होतोय: आय ॲम हॅविंग ट्रबल ब्रीदिंग.
मजा येतेय: वी आर हॅविंग फन.

आता ते बाळाचं वाक्य. तिला बाळ आहे: शी हॅज अ बेबी. तिला बाळ होणार आहे: शी इज हॅविंग अ बेबी.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं आणि समजलंही जातं. असं बोलणाऱ्याला कुणी हसावं असं मला वाटत नाही. त्यामागे मराठीचा ‘आहे’ उभा आहे. पण लेखी परीक्षेत ती चूक धरतात, मुलाखतीत खटकते आणि परदेशी माणसाला कधीकधी अर्थच वेगळा लागतो. म्हणून ती सोडायची.

पायरी तिसरी: जिथे आपण ‘घेतो’

इथे मराठी आणि इंग्रजी छान जुळतात. आपण पाहुण्याला ‘चहा पिणार का?’ असं क्वचितच विचारतो, ‘चहा घेणार ना?’ म्हणतो. इंग्रजीतही ‘विल यू हॅव सम टी?’ हेच आतिथ्याचं बोलणं आहे. ‘विल यू ड्रिंक टी?’ कानाला चौकशीसारखं लागतं. काय घेणार? व्हॉट विल यू हॅव? नाश्ता झाला का? हॅव यू हॅड ब्रेकफास्ट? इथे एकाच वाक्यात हॅव आणि हॅड शेजारी आले म्हणून दचकू नका. पहिला काळाचा, दुसरा खाण्याचा. पहिल्याचं काम चौथ्या पायरीत बघू.

एक अपवाद लक्षात ठेवा. औषध आपण ‘घेतो’, पण इंग्रजीत ते ‘टेक’ आहे: टेक युवर मेडिसिन.

याच गटात छोट्या कृती येतात. बघून घ्या: हॅव अ लुक. जरा विश्रांती घ्या: हॅव अ रेस्ट. बसा: हॅव अ सीट. आंघोळ करणे हे ब्रिटनमध्ये ‘हॅव अ बाथ’, अमेरिकेत ‘टेक अ बाथ’. दोन्ही बरोबर. निघणाऱ्याला आपण ‘सांभाळून जा’ म्हणतो, ते ‘हॅव अ सेफ जर्नी’.

‘हॅव अ वर्ड’ आणि ‘हॅव वर्ड्स’ मात्र जपून. साहेबांशी दोन शब्द बोलायचे असतील तर ‘कॅन आय हॅव अ वर्ड विथ यू?’ असं विचारा. ‘वी हॅड वर्ड्स’ म्हटलंत तर अर्थ होतो, आमची बाचाबाची झाली. आपल्याकडे शब्दाला शब्द वाढतो तसंच.

घेण्याच्या पुढची पायरी मिळवण्याची. लोकमान्य टिळकांचं ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच’ हे वाक्य इंग्रजीत ‘स्वराज इज माय बर्थराइट अँड आय शॅल हॅव इट’ असं प्रसिद्ध आहे. त्यातला ‘हॅव’ वर्गात वाचून दाखवला की मुलांना हा अर्थ पुन्हा समजावावा लागत नाही. ‘मिळवणारच’मधल्या ‘च’चा सगळा जोर ‘शॅल’ने पेलला आहे.

पायरी चौथी: ‘केलं आहे’ आणि ‘केलं होतं’

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

‘हॅव’ या शब्दाचा मूळ अर्थ पकडणे, हातात धरणे. जर्मन ‘हाबेन’ हा त्याचा सख्खा भाऊ. लॅटिनमधला ‘हाबेरे’ दिसायला आणि अर्थाला अगदी तसाच, पण भाषाशास्त्रज्ञ त्याला या घरातला मानत नाहीत. ‘हॅव’चा लॅटिन नातेवाईक म्हणजे ‘कापेरे’, पकडणे. जुन्या इंग्रजीत लोक ‘पकडलेला असा मासा माझ्याकडे आहे’ अशा थाटाचं वाक्य बोलत. हळूहळू त्याचा अर्थ ‘मी मासा पकडला आहे’ असा झाला: आय हॅव कॉट अ फिश. म्हणजे काम होऊन गेलं, पण त्याचं फळ अजून हातात आहे. आपण ‘पत्र लिहून ठेवलंय’ म्हणतो तेव्हा हीच भावना असते. हे एकदा मनात बसलं की ‘हॅव’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप (कॉट, गॉन, ईटन असं) यांची जोडी कृत्रिम वाटत नाही.

मराठी बोलणाऱ्याच्या चुका ठरलेल्या आहेत.

‘मी काम पूर्ण केलं आहे’ याचं ‘आय ॲम कम्प्लीटेड द वर्क’ होतं. पुन्हा तोच ‘आहे’ आणि तोच ‘ॲम’. बरोबर: आय हॅव कम्प्लीटेड द वर्क.

दुसरी चूक ‘काल’ची. मराठीत ‘मी त्यांना कालच भेटलोय’ बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत काल, परवा, गेल्या वर्षी, 2019 साली असा संपलेला वेळ वाक्यात आला की ‘हॅव’ बाहेर. आय मेट देम येस्टर्डे. वेळ न सांगता नुसतं भेटलोय म्हणायचं असेल तर आय हॅव मेट देम.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त दिसते, चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांतही. ‘मी काल मुंबईला गेलो होतो’ याचं ‘आय हॅड गॉन टु मुंबई येस्टर्डे’. मराठीत ‘गेलो होतो’ हे साध्या भूतकाळासारखंच बोलतात, त्यात खास काही नाही. इंग्रजीत मात्र नुसतं ‘हॅड गॉन’ ऐकलं की समोरचा वाट बघत राहतो, मग पुढे काय झालं? कारण ‘हॅड’ला दुसरी घटना लागते, जिच्या आधी हे घडलं. नाशिक रोडला पोचलो तेव्हा पंचवटी सुटली होती: व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट. इथे दोन घटना आहेत, गाडी आधी सुटली, तुम्ही नंतर पोचलात, म्हणून हॅड. मुंबईला गेलो होतो, एवढंच सांगायचं तर: आय वेंट टु मुंबई येस्टर्डे. वहीतलं प्रत्येक ‘होतो, होती, होतं’ तपासा आणि स्वतःला विचारा, दुसरी घटना कुठे आहे? ती नसेल तर साधा भूतकाळ.

चौथी चूक ‘पासून’ची. ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतो’ या वाक्यात मराठी साधा वर्तमानकाळ वापरते, म्हणून ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ होतं. बरोबर वाक्य: आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स. मुदत सांगायची तर ‘फॉर’ (पाच वर्षं, दोन तास), सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’ (सोमवारपासून, 2021 पासून). मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ चालतं, म्हणून इथे मराठीवर विसंबू नका.

एका जागी मराठी भरवशाची आहे, ती ‘गॉन’ आणि ‘बीन’ यांच्या फरकात. बाबा पुण्याला गेलेत, अजून तिथेच आहेत: ही हॅज गॉन टु पुणे. बाबा पुण्याला जाऊन आलेत: ही हॅज बीन टु पुणे. ‘गेलेत’ला गॉन, ‘जाऊन आलेत’ला बीन.

थोडक्यात प्रश्नांचा क्रम असा ठेवा. संपलेला वेळ सांगितलाय का? मग हॅव नको. वेळ नाही, पण परिणाम आत्ता आहे? हॅव आणि तिसरं रूप. आधीपासून चालू आहे आणि अजून संपलं नाही? हॅव बीन. दोन जुन्या घटनांतली आधीची? हॅड.

पायरी पाचवी: ‘लागतं’

जावं लागतं: आय हॅव टु गो. जावं लागलं: आय हॅड टु गो. जावं लागेल: आय विल हॅव टु गो. रचना सोपी आहे, उच्चार मात्र शाळेत सांगत नाहीत. बोलताना ‘हॅव टु’ हे ‘हॅफ्टु’ होतं आणि ‘हॅज टु’ हे ‘हॅस्टु’. हे माहीत नसेल तर ऐकताना वाक्य हातातून निसटतं.

गोंधळ होतो तो ‘मला जायचंय’ या आपल्या वाक्यामुळे. त्यात इच्छाही असते आणि सक्तीही. मला काश्मीरला जायचंय, ही इच्छा: आय वाँट टु गो. मला बँकेत जायचंय, हे काम: आय हॅव टु गो. बोलण्याआधी ‘जावं लागणार आहे’ असं म्हणून बघा. जमलं तर हॅव टु, नाही तर वाँट टु.

नकारात तर अर्थच पालटतो. ‘यू डोन्ट हॅव टु कम’ म्हणजे नाही आलात तरी चालेल. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे यायचं नाही, बजावून सांगतो. आपलं ‘तुम्हाला यायची गरज नाही’ पहिल्याच्या जवळ आहे. घरी काम करणाऱ्या बाईंना सणाची सुट्टी देताना किंवा वरिष्ठांना मीटिंगमधून मोकळं करताना ‘डोन्ट हॅव टु’ हेच वापरा.

त्या मुलीला त्या संध्याकाळी जे म्हणायचं होतं ते दुसऱ्या आणि या पाचव्या पायरीत बसतं: शी हॅज अ बेबी, सो शी हॅज टु लीव्ह ॲट सिक्स.

पायरी सहावी: ‘करून घेणे’

मराठीत ‘मी केस कापले’ म्हटलं तरी कात्री न्हाव्याच्याच हातात होती हे सगळे समजतात. ‘आम्ही घर बांधलं’ म्हटल्यावर कुणी विचारत नाही, विटा तुम्हीच रचल्या का? इंग्रजीत काम दुसऱ्याने केलं असेल तर तसं सांगायची पद्धत आहे: आय हॅड माय हेअर कट. वी हॅड अ हाउस बिल्ट. आय हॅड द ब्लाउज स्टिच्ड. म्हणजे कापून घेतले, बांधून घेतलं, शिवून घेतला. मराठीत ‘करून घेणे’ आहेच, ते मनात आणलं की वाक्य सुचतं.

क्रम पक्का ठेवा: हॅव, मग वस्तू, मग तिसरं रूप. हा क्रम हलला की वाक्य चौथ्या पायरीवर जाऊन बसतं. ‘आय हॅड द वॉल पेंटेड’ म्हणजे भिंत रंगवून घेतली. ‘आय हॅड पेंटेड द वॉल’ म्हणजे त्याआधीच मी स्वतः भिंत रंगवली होती. शब्द तेच, जागा बदलली, ब्रश दुसऱ्याच्या हातात गेला.

माणसाला काम सांगायचं असेल तर तिसऱ्या रूपाऐवजी पहिलं. ऑफिसच्या फोनवर हे फार उपयोगी पडतं: प्लीज हॅव हिम कॉल मी. त्यांना मला फोन करायला सांगा. आवाज विनंतीचाच राहतो.

याच साच्यात नुकसानही बसतं: ही हॅड हिज फोन स्टोलन. त्याचा फोन चोरीला गेला. फोन त्याने चोरून घेतला असा अर्थ नाही. संदर्भावरून लगेच कळतं, पण पहिल्यांदा वाचताना माणूस थबकतो.

पायरी सातवी: असेल, असता, हवं होतं

तो पोचला असेल: ही मस्ट हॅव रीच्ड. त्याने फोन करायला हवा होता: ही शुड हॅव कॉल्ड. तो येऊ शकला असता: ही कुड हॅव कम. सांगितलं असतं तर आलो असतो: इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम. मराठीत हे सगळं ‘असणे’ आणि ‘हवं होतं’ यांवर चालतं, इंग्रजीत ‘हॅव’वर. बोलताना हा ‘हॅव’ विरघळतो, ‘शुडव’, ‘कुडव’ इतकाच ऐकू येतो. म्हणून इंग्रजी मातृभाषा असणारेही कधीकधी तो ‘शुड ऑफ’ असा चुकीचा लिहितात. तुम्ही लिहिताना ‘हॅव’च लिहा.

‘छत्री घेतलेली बरी’ साठी ‘यू हॅड बेटर टेक ॲन अम्ब्रेला’ आहे. ‘हॅड’ दिसला तरी भूतकाळ नाही, आणि पुढे क्रियापदाचं पहिलं रूप. त्यात ‘नाही तर बघा’ असा हलका इशारा असतो, म्हणून वडीलधाऱ्यांना किंवा साहेबांना असं म्हणू नका.

पायरी आठवी: प्रश्न, आणि लपलेला हॅव

मालकीचा प्रश्न ‘डू’ने: डू यू हॅव अ पेन? जुन्या पुस्तकांत ‘हॅव यू अ पेन?’ भेटतं, आता ते कुणी बोलत नाही. ब्रिटनमध्ये ‘हॅव यू गॉट अ पेन?’ सर्रास म्हणतात, अर्थ तोच. ‘काम केलं आहे’ या अर्थाच्या प्रश्नात मात्र ‘डू’ कधीच नाही: हॅव यू ईटन? ‘डू यू हॅव ईटन’ चूक.

ऐकताना ‘हीज’ कानावर पडलं तर तो ‘ही इज’ असेल किंवा ‘ही हॅज’. पुढचा शब्द सांगतो. हीज गोइंग, म्हणजे इज. हीज गॉन, बहुतेक वेळा हॅज. ‘आयड’ही तसाच: पुढे पहिलं रूप आलं तर वुड, तिसरं आलं तर हॅड. फक्त ‘यूड बेटर’मध्ये नेहमी हॅड.

जाता जाता काही ठरलेले प्रयोग, बोलायला नाही तरी समजायला. ‘आय वोन्ट हॅव इट’: मी हे चालू देणार नाही. ‘आय हॅव हॅड इनफ’: आता बास झालं. ‘यू हॅव बीन हॅड’: तुम्हाला फसवलं गेलंय. ‘रूमर हॅज इट’: अशी कुजबुज आहे. लोकसभेचं कामकाज बघताना आवाजी मतदानानंतर अध्यक्ष ‘द आइज हॅव इट’ म्हणतात. तिथे ‘आइज’ म्हणजे डोळे नव्हेत, ‘होय’ म्हणणारे. त्यांची सरशी झाली.

सरावाचा उतारा

आता पेन उचला. पुढचा उतारा आधी स्वतः इंग्रजीत करा, मग खालचं वाचा.

‘सकाळी मला ताप होता, पण रजा शिल्लक नव्हती म्हणून जावं लागलं. पोचले तेव्हा मीटिंग सुरू झाली होती. काल स्कूटर दुरुस्त करून घेतली होती, तरी ती आज बंद पडली. दुपारपासून काही खाल्लेलं नाही. सासूबाईंनी जेवण करून ठेवलं असेल.’

ताप होता: आय हॅड अ फीव्हर. ‘आय वॉज हॅविंग’ लिहिलं असेल तर दुसरी पायरी पुन्हा वाचा. रजा नव्हती, जावं लागलं: आय हॅड नो लीव्ह लेफ्ट, सो आय हॅड टु गो. मीटिंग: द मीटिंग हॅड स्टार्टेड व्हेन आय रीच्ड, दोन घटना आहेत. स्कूटरचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. मराठीत ‘घेतली होती’ आहे, पण ‘काल’ स्पष्ट सांगितलाय, म्हणून साधा भूतकाळ पुरतो: आय हॅड द स्कूटर रिपेअर्ड येस्टर्डे, बट इट ब्रोक डाउन टुडे. यातला ‘हॅड’ काळाचा नाही, ‘करून घेतली’चा आहे. ‘आय हॅड रिपेअर्ड द स्कूटर’ लिहिलं असेल तर पाना तुमच्या हातात आला. खाल्लेलं नाही: आय हॅव नॉट ईटन एनीथिंग सिन्स द आफ्टरनून. सासूबाई: माय मदर-इन-लॉ मस्ट हॅव कुक्ड डिनर. कर्ता एकच बाई असली तरी ‘मस्ट’नंतर हॅज नाही.

उद्यापासून हेच तुमच्या स्वतःच्या दिवसाचं करा. झोपण्याआधी पाच मराठी वाक्यं, प्रत्ययाखाली रेघ, शेवटाखाली दुसरी रेघ, मग इंग्रजी. आणि ते मोठ्याने वाचा, ‘हॅफ्टु’सकट.